कोबाको आणि पैलतीरावरचा माणूस



देहरादूनला बदली होऊन आठ महिने झाले. गेल्या रविवारी सुट्टी होती, तेव्हा मसुरीच्या पुढे हाथीपावला जाऊन आलो. तिथे डोंगराच्या कडेला सर जॉर्ज एव्हरेस्टचं घर आहे. लोक तिथे फोटो काढायला जातात. मीही काढला आणि घरी पाठवला. पण माझं जाण्याचं खरं कारण वेगळंच होतं. नववीच्या भूमितीच्या पुस्तकातलं एक प्रकरण माझ्याकडून अर्धवट राहिलं होतं. ते म्हणजे एकरूप त्रिकोण.

हसू नका. या प्रकरणाने माझ्या एका जोडीदाराचा जीव जवळजवळ घेतला होता. आणि याच प्रकरणाने आपल्या देशाचा नकाशा काढला आहे. दोन्ही गोष्टी सांगतो.

मी मूळचा हिंगणघाटचा. वणा नदीच्या काठचं, कापसाच्या बाजाराचं गाव. आमच्या वर्गात भूमिती म्हणजे पाठांतर होतं. पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायचं आणि कारण म्हणून कंसात कुठे बाकोबा, कुठे बाबाबा, कुठे कोबाको टाकायचं. कुठे काय टाकायचं ते गाइड बघून ठरायचं. एकदा मी सरांना विचारलं, "सर, दोन्ही त्रिकोण सारखे आहेत हे तर दिसतंच आहे, मग सिद्ध कशाला करायचं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "चार मार्कांसाठी." विषय संपला. भूमितीत मी काठावर पास झालो आणि पुढे सैन्यात भरती झालो. वाटलं, सुटलो.

पण मी सॅपर झालो. सॅपरचं काम पूल बांधणं, सुरुंग काढणं, नदी ओलांडून देणं. नदी ओलांडून द्यायची तर आधी तिची रुंदी लागते. आणि पलीकडे जाता येत नाही म्हणून तर ती मोजायची असते. खडकीच्या ट्रेनिंगमध्ये त्यासाठी उस्तादांनी एक पद्धत शिकवली होती. यंत्र लागत नाही, तीन खुंट्या पुरतात.

पैलतीरावर पाण्यालगतचं एक झाड धरायचं. त्याच्या बरोबर समोर आपल्या काठावर पहिली खुंटी ठोकायची, अ. तिथून झाडाच्या रेषेशी काटकोन करून काठाकाठाने चाळीस पावलं चालायचं आणि दुसरी खुंटी ठोकायची, ब. त्याच रेषेत आणखी चाळीस पावलं चालून तिसरी खुंटी, क. आता नदीकडे पाठ करायची आणि पुन्हा काटकोनात आत चालत जायचं. मधूनमधून मागे बघायचं. ब ची खुंटी आणि पलीकडचं झाड एका रेषेत दिसलं की थांबायचं. क पासून तुम्ही जेवढं आत आलात, तेवढीच नदी रुंद.

हे का जमतं? अ पाशी काटकोन, क पाशी काटकोन. अब आणि बक या बाजू सारख्या. ब पाशी समोरासमोरचे विरुद्ध कोन सारखे. कोन, बाजू, कोन. म्हणजे कोबाको. पाण्यावरचा त्रिकोण आणि जमिनीवरचा त्रिकोण एकरूप झाले. पाण्यावरच्या त्रिकोणाची जी बाजू मोजता येत नाही, तीच बाजू जमिनीवर आपल्या बुटाखाली येते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी आसामात एका सरावात होतो. ब्रह्मपुत्रेला मिळणारी एक छोटी नदी, पावसाळा नुकताच सरलेला, पाणी गढूळ आणि वेगात. संध्याकाळी रुंदी मोजायचं काम माझ्याकडे आलं. अ पासून ब पर्यंत जमीन टणक होती. ब पासून क पर्यंत ओली वाळू होती, बूट रुतत होते, पाऊल आखूड पडत होतं. पण मोजणी चाळीसच भरली. क पासून आत मी फीत लावली, चाळीस मीटर आलं. मी सांगितलं, "चाळीस." दुसरं झाड धरून पुन्हा मोजायचं असतं, पण अंधार पडत होता. आणि त्रिकोण तर सारखेच दिसत होते.

दोराची दोन भेंडोळी होती. चाळीस म्हटल्यावर पंचेचाळीस मीटरचं एकच घेतलं. कमरेला दोर बांधून पहिल्यांदा पोहत जायला सांगलीकडचा एक जवान निघाला. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. काठ सात-आठ हातांवर राहिला आणि दोर संपला. त्याला मागून हिसका बसला, प्रवाहाने ओढला आणि दोराच्या टोकाला लटकत तो खाली वाहत आमच्याच काठावर येऊन एका बुडालेल्या ओंडक्यावर आदळला. आम्ही ओढून काढला तेव्हा त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि खांदा निखळला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या शीख सुभेदार साहेबांनी मला त्याच जागेवर नेलं आणि फीत हातात दिली. अब तीस मीटर भरलं, बक पंचवीस. नदी अठ्ठेचाळीस मीटर निघाली. कोन तिन्ही जागच्या जागी होते, बाजू तेवढी सारखी नव्हती. माझे त्रिकोण समरूप होते, एकरूप नव्हते. सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "पुत्तर, कदम झूठ बोल गया तेरा. जाँचा क्यों नहीं?"

त्या दिवशी मला सरांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. 'दिसतंच आहे' आणि 'सिद्ध आहे' यांच्यामध्ये आठ मीटर पाणी असतं.

पुढे पोस्टिंग जिथे जाईल तिथे मी या विषयाचा इतिहास शोधत राहिलो. पहिला धागा ग्रीकांकडे जातो. मिलेटसचा थेलीस इसवी सनापूर्वी सुमारे ६०० च्या सुमाराचा. किनाऱ्यावरून समुद्रातल्या जहाजाचं अंतर काढायची त्याची रीत होती आणि त्यासाठी त्याला हेच प्रमेय वापरावं लागलं असणार, असं जुन्या ग्रीक लेखकांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी युक्लिडने पहिल्या पुस्तकात हे सव्विसावं विधान म्हणून बसवलं. म्हणजे आपल्या पुस्तकातल्या कोबाकोचं जुनं काम आमच्यासारखंच होतं, जिथे पोचता येत नाही तिथलं अंतर सांगणं.

दुसरा धागा मला चेन्नईत सापडला. एका कोर्ससाठी तिथे गेलो होतो. सेंट थॉमस माउंट नावाची टेकडी आहे. तिथे कळलं की १० एप्रिल १८०२ या दिवशी या टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर विल्यम लॅम्ब्टन नावाच्या एका फौजी अधिकाऱ्याने एक रेषा मोजायला सुरुवात केली आणि त्या एका रेषेवर पुढे हिमालयापर्यंतचा हिंदुस्थान उभा राहिला.

लॅम्ब्टन इंग्रजांच्या ३३ व्या पायदळ पलटणीतला. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत तो होता. रात्रीच्या एका कूचमध्ये त्याने ताऱ्यांवरून ओळखलं की जनरल बेअर्डची तुकडी उलट्या दिशेने, थेट शत्रूच्या तळाकडे चालली आहे. त्याने ते सांगितलं आणि तुकडी वाचली. असा माणूस. टिपूचा पाडाव झाल्यावर त्याने समुद्रापासून समुद्रापर्यंत द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजायची योजना मांडली.

योजना कोबाकोचीच. एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या डोंगराकडे बघून दोन कोन मोजायचे. बाजू एक, कोन दोन. एवढ्यातून बनू शकणारा त्रिकोण एकच असतो. म्हणजे हिशोबाच्या वहीत उभा केलेला त्रिकोण आणि जमिनीवरचा त्रिकोण एकरूप. मग न चालता, न साखळी टाकता दोन्ही नव्या बाजू कळतात. त्यातली एक घेऊन पुढचा त्रिकोण, तिच्यावरून त्याच्या पुढचा.

मग पहिली बाजू तरी कशाला मोजायची, नुसते कोन का नाही? हा प्रश्न मला कधीच पडला नसता, पण आसामच्या वाळूने तो शिकवला होता. कोकोको अशी एकरूपतेची कसोटी नसते. तिन्ही कोन सारखे असले तरी त्रिकोण लहानमोठे असू शकतात. आकार कळतो, माप कळत नाही. माप आणायला एक तरी बाजू खरी लागते. म्हणून लॅम्ब्टनने सुमारे साडेसात मैलांच्या त्या एका पायारेषेवर ५७ दिवस घालवले.

साखळी पोलादी, १०० फुटांची. मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली आणि त्याने नाकारलेली. ती लाकडी पेट्यांत, तिकाटण्यांवर, ताणून, तापमान बघत ४०० वेळा टाकायची. तापमान कशाला? १० अंश सेल्सिअसने पोलाद तापलं तर १०० फुटांची साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. एवढंसं. पण तीच चूक ४०० वेळा झाली तर साडेसात मैलांत जवळजवळ दीड मीटरचा घोटाळा. माझ्या रुतलेल्या पावलांचा हा मोठा भाऊ.

कोन मोजायचं यंत्र म्हणजे मोठा थिओडोलाइट. वजन सुमारे अर्धा टन. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडलं, यंत्र मॉरिशसला नेलं आणि नंतर सन्मानाने परत पाठवलं. १८०८ साली तंजावरला आजूबाजूला उंच जागा नाही म्हणून ते मंदिराच्या गोपुरावर चढवत होते. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं, त्याचं वर्तुळ वाकलं. दुसरा कोणी असता तर काम थांबलं असतं. लॅम्ब्टनने सुमारे सहा आठवडे तंबूत बसून ते हळूहळू सरळ केलं आणि पुढे चालू लागला.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्याची पडताळणीची सवय. मद्रासहून त्रिकोणांची माळ ओवत तो बंगलोरला पोचला. तिथे १८०४ मध्ये त्याने नवी पायारेषा मोजायला लावली. गरज नव्हती, कारण तिची लांबी त्रिकोणांतून आधीच निघाली होती. तरी मोजली. हिशोबातली आणि प्रत्यक्षातली लांबी यांत फरक आला चार इंचांहून कमी, साडेसात मैलांमागे. तसंच तिसऱ्या कोनाचं. दोन कोन कळले की १८० अंशांतून वजा करून तिसरा निघतो. तरीही जमेल तिथे तिसऱ्या डोंगरावर यंत्र चढवून तो मोजलाच जायचा. बेरीज १८० च्या किंचित वर यायला हवी, कारण पृथ्वी गोल आहे. तीस-तीस मैल बाजूंच्या त्रिकोणात ही वाढ जेमतेम ५ सेकंदांची असते, एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातले पाच. एवढ्याचाही हिशोब ठेवला जायचा.

त्या संध्याकाळी आसामात मी दुसरं झाड धरलं असतं तर माझी बंगलोरची रेषा झाली असती.

आता माझ्या गावाची गोष्ट. २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरला जाताना, हा लॅम्ब्टन वाटेत वारला. कुठे? हिंगणघाटला. त्याची कबर आमच्या गावात आहे. एक जुनी इंग्रजाची कबर आहे एवढं मी लहानपणी ऐकून होतो, कोणाची ते कोणी सांगितलं नाही. ज्या गावात मी कोबाको घोकत होतो, त्याच गावाच्या मातीत कोबाकोवर सारं आयुष्य लावलेला माणूस झोपला होता. सरांना माहीत असतं तर त्या दिवशी चार मार्कांपेक्षा मोठं उत्तर मिळालं असतं. त्यांना दोष देत नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नसणार.

लॅम्ब्टननंतर काम एव्हरेस्टकडे आलं. तो हट्टी, तापट आणि अचूकतेचा वेडा. गंगेच्या सपाट मुलखात डोंगर नाहीत, तर त्याने मनोरे बांधले. दिवसा धुळीने दिसत नाही, तर रात्री दिवे लावून कोन घेतले. १८३४-३५ मध्ये इथे, दून खोऱ्यात, पायारेषा मोजली, तीही सिरोंजहून आलेल्या शेकडो मैलांच्या माळेच्या टोकाला पडताळा म्हणून. फरक निघाला काही इंचांचा. १८४१ पर्यंत कन्याकुमारीजवळून निघालेली माळ मसुरीजवळच्या बानोग डोंगरापर्यंत, सुमारे २,४०० किलोमीटर, पुरी झाली. हाथीपावच्या त्या घरासमोर उभं राहून मी बानोगच्या बाजूला बघत होतो तेव्हा मनात एकच आलं. ही माळ सुरू झाली ती लाकडी पेट्यांत ठेवलेल्या एका साखळीने.

सगळ्यात प्रसिद्ध त्रिकोण त्यानंतरचे. नेपाळ सर्वेक्षणाला बंद होता. म्हणून बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून दूर असलेल्या एका शिखराचे कोन घेतले गेले. नाव नव्हतं, नुसता आकडा, शिखर १५. तिसरा बिंदू शिखरावर, तिथे यंत्र नेणं अशक्य. म्हणजे नदीपलीकडचं झाडच, पण हिमालयाएवढं. तिसरा कोन मोजून पडताळता येत नव्हता, म्हणून एका जागेवर भागवलं नाही, सहा ठिकाणांहून कोन घेतले. हिशोबावर वर्षं गेली. बंगाली गणिती राधानाथ सिकदर यांचं नाव या हिशोबाशी जोडलं जातं. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉने उंची जाहीर केली, २९,००२ फूट, आणि शिखराला आपल्या जुन्या साहेबाचं नाव दिलं. आज मान्य असलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. जुना आकडा मीटरमध्ये सुमारे ८,८४० होतो. शिखराच्या जवळही न जाता चूक नऊ मीटरची. माझी चूक आठ मीटरची होती, तीही समोर दिसणाऱ्या नदीवर.

पण या इतिहासाची दुसरी बाजूही फौजी माणसाने बघायला हवी. कोन घ्यायचा तर समोरच्या डोंगरावर कोणीतरी निशाण घेऊन उभं लागतं, रात्री दिवा धरून बसलेलं लागतं. साहेब यंत्रामागे, आणि तीस मैलांवर एक खलाशी, जंगलात, पावसात, दिवा विझू नये म्हणून जागा. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात एव्हरेस्टची जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी झाली, कित्येक जण वाचले नाहीत. लॅम्ब्टनची कबर आहे, एव्हरेस्टचं घर आहे, शिखर आहे. दिवा धरणाऱ्यांचं काही नाही. हा सगळा खटाटोप इंग्रजांनी आपल्यासाठी केला नव्हता, राज्य पक्कं करायला केला, हेही खरं. राबणारे हात मात्र आपलेच होते.

त्यांच्यासाठी एक माणूस उभा राहिल्याची नोंद आहे, आणि ती इथलीच, देहरादूनची. १८४३ मध्ये इथल्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना जबरदस्तीने आपल्या ओझ्याला धरलं. राधानाथ सिकदर आडवे गेले. खटला झाला आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. एव्हरेस्ट शिखराबद्दल बोलताना सिकदरांचं नाव घेतो ते ठीक. मला या दोनशे रुपयांसाठी ते जास्त मोठे वाटतात.

म्हणून आता नवीन पोरांना गॅप मोजायला शिकवताना मी आधी खुंट्या देत नाही. आधी पैलवानची गोष्ट सांगतो. कोबाकोची ताकद ही की पैलतीरावर न जाता तिथलं माप कळतं. पण पैलतीरावर कोणीतरी जाणारच असतं, आपण काढलेल्या मापाच्या भरवशावर. बाजू खोटी मोजली तर आपण काठावर कोरडे उभे राहतो, हिसका त्याच्या कमरेला बसतो. मग मी त्यांना पावलं न मोजता फीत लावायला सांगतो आणि दुसरं झाड धरायला लावतो. कितीही अंधार पडला तरी.

पैलवान आता निवृत्त होऊन गावी द्राक्षं पिकवतो. दर दिवाळीला फोन येतो. खांदा पावसाळ्यात दुखतो म्हणतो, आणि फोन ठेवताना ठरलेलं विचारतो, "काय सर्वेयर, दोर पुरतोय ना?"

तुमच्यापैकी जे शाळेत शिकवतात, त्यांना एक विनंती. एकरूप त्रिकोणाचं प्रकरण आलं की पोरांना एक दिवस मैदानावर न्या. तीन खुंट्या आणि एक फीत द्या आणि ओढ्याची नाहीतर रस्त्याची रुंदी काढायला लावा. मग प्रत्यक्ष मोजून ताडा. चुकली तर फार बरं, का चुकली ते शोधता येईल. तिथे चुकलेलं कोणाच्या कमरेला बांधलेलं नसतं.

पुढच्या सुट्टीत हिंगणघाटला जाईन तेव्हा लॅम्ब्टनच्या कबरीवर जाणार आहे. दोन फुलं त्याच्यासाठी, आणि दोन त्याच्या त्या नाव नसलेल्या दिवा धरणाऱ्यांसाठी.

जय हिंद.